वाचकांचे प्रश्न : स्वतःचा रेग्युलेटर जोडताना आणि समजून घेताना

भाड्याच्या साहित्यावर स्कूबा डायव्हिंग शिकून झाल्यावर स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वासाजोगी करून देणारे उपकरण) घेणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. काही पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : स्कूबाचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करून मी स्वतःचा रेग्युलेटर घेतला. सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज, तोंडात धरायची सेकंड स्टेज, ऑक्टोपस (जोडीदारासाठीची जादा सेकंड स्टेज), प्रेशर गेज आणि बीसीडीला (तरंगणे सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटाला) हवा देणारी नळी असे सगळे वेगवेगळ्या खोक्यांतून आले आहे. फर्स्ट स्टेजला नळ्या लावण्याची इतकी पोर्ट (भोके) आहेत की कोणती नळी कुठे लावावी हे उमगत नाही. हे काम मी स्वतः करावे, की तंत्रज्ञाकडे सोपवावे?

उत्तर : नळ्या लावणे आणि काढणे हे कोणत्याही काळजीपूर्वक काम करणाऱ्या डायव्हरला जमण्यासारखे आहे, फर्स्ट किंवा सेकंड स्टेज उघडून आतल्या भागांना हात लावणे हे मात्र त्या विशिष्ट मॉडेलचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाचेच काम आहे. पाना हातात घेण्यापूर्वी कोणत्या भागात किती दाब असतो हे मनात पक्के असावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय, बिघाडाचा अंदाज बांधणेसुद्धा, त्यावरच अवलंबून असते.

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारणपणे २०० बार दाब असतो. फर्स्ट स्टेज तो उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक एवढ्यावर आणते, आणि याला मधला दाब म्हणतात. सेकंड स्टेज तो आणखी उतरवून, आपण श्वास ओढू तेव्हाच आणि तेवढ्यापुरतीच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा तोंडात देते. स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटरही दाब उतरवतो, पण त्याला एकच ठरावीक दाब राखायचा असतो. आपला रेग्युलेटर मात्र खोलीप्रमाणे बदलणाऱ्या दाबाच्या मागोमाग जात राहतो. (झाक-ईव्ह कूस्तो यांच्यासह १९४३ मध्ये आधुनिक रेग्युलेटरला आकार देणारे अभियंते एमिल गान्याँ यांनी मूळ झडप युद्धकाळात मोटारी गॅसवर चालवण्यासाठी तयार केली होती, तेव्हा हे साम्य अगदीच ओढूनताणून आणलेले नाही.) समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे १ बार दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर भोवतालचा एकूण दाब ४ बार होतो आणि सेकंड स्टेजकडे जाणाऱ्या नळीतील एकूण दाब १३ ते १४ बारच्या घरात जातो. फर्स्ट स्टेजने हा पाठलाग केला नसता, तर खोल पाण्यात श्वास ओढणे दर मीटरला जड होत गेले असते.

आता पोर्टांकडे वळू. ती दोन प्रकारची असतात. एक किंवा दोन पोर्ट सिलिंडरच्या पूर्ण दाबाची असतात. त्यांच्याजवळ बहुधा ‘एचपी’ (हाय प्रेशर) अशी अक्षरे किंवा दाबाचा आकडा कोरलेला असतो आणि तेथे फक्त प्रेशर गेजची नळी किंवा कॉम्प्युटरचा ट्रान्समीटर लागतो. उरलेली, बहुधा चार किंवा पाच, मधल्या दाबाची असतात. सेकंड स्टेज, ऑक्टोपस, बीसीडीची नळी आणि वापरत असल्यास ड्रायसूटची (अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखाची) नळी तेथे लागते. दोन्हींचे आटे मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत, एचपीचे ७/१६ इंचाचे आणि मधल्या दाबाचे ३/८ इंचाचे, म्हणजे चुकूनही अदलाबदल होऊ नये. फार जुन्या काही फर्स्ट स्टेजमध्ये मात्र एचपी पोर्टलाही ३/८ इंचाचेच आटे असत, आणि तेथे मधल्या दाबाची नळी लागली तर ती फुटते. वापरलेला जुना रेग्युलेटर कोणी भेट दिला असेल, तर आधी हे पाहावे.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या समजुतीच्या उलट आहे. एचपी नळी फुटली तर सिलिंडर क्षणात रिकामा होईल असे वाटते, परंतु त्या नळीकडे जाणारी वाट सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून असते, त्यामुळे आवाज मोठा झाला तरी हवा तुलनेने सावकाश जाते. मधल्या दाबाच्या नळीला असा अडसर नसतो, कारण तिच्यातून आपल्याला पोटभर श्वास मिळायला हवा; म्हणूनच ती फुटली तर सिलिंडर त्याहून कितीतरी लवकर रिकामा होतो. नळीच्या टोकावर चढवलेले रबरी संरक्षक आवरण अधूनमधून मागे सरकवून आतली पकड पाहावी ती यासाठीच. त्या आवरणाखाली गंज आणि चिरा निवांत वाढत असतात.

प्रत्यक्ष जोडणीला स्वच्छ टेबल, भरपूर उजेड, योग्य मापाचा पाना आणि पोर्टांची बुचे काढण्यासाठी षट्कोनी चावी एवढे पुरते. प्रत्येक नळीच्या टोकावरची ओ-रिंग (रबरी कडे) उजेडात फिरवून पाहावी. चपटेपणा, कापल्याची खूण किंवा एखादा केससुद्धा दिसला तर ती बदलावी अथवा पुसून घ्यावी. नळी आधी केवळ बोटांनी फिरवत आट्यात बसवावी. ती पहिल्या फेरीपासून सहज फिरली नाही तर आटे तिरके बसत आहेत असे समजून मागे घ्यावी, जोर करू नये. सगळ्या नळ्या अशा बोटांनी बसवून झाल्या की पाना उचलण्याची घाई न करता फर्स्ट स्टेज सिलिंडरवर बसवून, झडप बंदच ठेवून, बीसीडी अंगावर चढवून पाहावी. मुख्य सेकंड स्टेज उजव्या खांद्यावरून तोंडाशी सहज येते का, मान डावीकडे वळवली तर ती ओढली जाते का, बीसीडीची नळी आणि गेज डाव्या बाजूला नीट पडतात का, कोणती नळी मुळाशीच मोडल्यासारखी वाकते का, हे तेव्हाच कळते आणि पोर्ट बदलणेही तेव्हाच सोपे असते. समाधान झाले की पान्याने हलकेच आवळावे. उत्पादक यासाठी साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क सांगतात, आणि तो हाताला वाटतो त्याहून पुष्कळ कमी असतो. हवा ओ-रिंग अडवते, आवळण्याचा जोर नव्हे.

पहिल्यांदा दाब देण्यापूर्वी, सिलिंडरची झडप बंद असतानाच, सेकंड स्टेजमधून श्वास ओढून पाहावा. काही क्षणांत हवा संपून तोंडाला पोकळी जाणवली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली तर ती टिकली पाहिजे. हवा आत झिरपत राहिली तर डायफ्राम (आतला रबरी पडदा), श्वास बाहेर सोडणारी झडप किंवा माउथपीस यांपैकी कशात तरी फट आहे, आणि पाण्यात त्याच फटीतून पाणी येणार आहे. हीच चाचणी ऑक्टोपसवरही करावी. ती बहुतेक जण विसरतात. त्यानंतर गेजची काच स्वतःपासून आणि इतरांपासून दुसरीकडे वळवून झडप सावकाश उघडावी, मग पूर्ण उघडावी. पूर्वी ‘पूर्ण उघडून पाव फेरी मागे घ्या’ असे शिकवत असत. माझ्या मते ही सवय आता सोडावी, कारण दिशेचा गोंधळ होऊन झडप पूर्ण बंद करून पाव फेरी उघडली गेली, तर पृष्ठभागावर श्वास व्यवस्थित मिळतो आणि हवेची गरज वाढणाऱ्या खोलीवर तो अपुरा पडतो. यावर सोपा पडताळा असा की गेजकडे पाहत तीन-चार खोल श्वास घ्यावेत. काटा प्रत्येक श्वासाबरोबर खाली जाऊन वर येत असेल, तर झडप पुरेशी उघडलेली नाही किंवा फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबली आहे.

शेवटी सगळी जोडणी दाबाखाली असताना पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. गेज जेथे नळीवर गोल फिरते त्या सांध्यातून एखादा-दुसरा बुडबुडा रेंगाळत येणे ही सर्वांत सामान्य गळती आहे; आतल्या दोन इवल्याशा ओ-रिंगा बदलल्या की ती थांबते.

प्रश्न : सिलिंडर उघडल्यावर माझा रेग्युलेटर अगदी शांत असतो, पण पाच-सात मिनिटे तसाच ठेवला की मुख्य सेकंड स्टेजमधून बारीक ‘सूं’ असा आवाज सुरू होतो. पर्ज बटण (हवा मुद्दाम सोडण्याचे) दाबले की तो थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. सेकंड स्टेजच्या बाजूची घुंडी आत फिरवली की आवाज पूर्ण बंद होतो, म्हणून मी तसाच वापरत आहे. यात काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि घुंडीने आवाज बंद झाला म्हणून तो टळलेला नाही. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे सेकंड स्टेजमधून ऐकू येत असली, तरी दोष बहुधा फर्स्ट स्टेजमध्ये आहे.

फर्स्ट स्टेजमधील मुख्य झडप मधला दाब ठरलेल्या पातळीला पोहोचताच घट्ट बंद व्हायला हवी. तिची बैठक (झडप बंद होताना जेथे टेकते तो भाग) झिजली असेल किंवा तिच्यात बारीक कण अडकला असेल, तर २०० बारच्या बाजूची हवा कणाकणाने पुढे झिरपते आणि नळीतला मधला दाब ९-१० बारवर न थांबता चढतच राहतो. सेकंड स्टेजची झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडणारी असते आणि तिला बंद ठेवणारी स्प्रिंग ठरावीक दाबापुरतीच पुरी पडते. दाब त्याहून वाढला की ती थोडीशी उघडून जादा हवा सोडून देते. तुम्हाला ऐकू येणारा आवाज हा सुरक्षेचा आवाज आहे. पर्ज दाबल्यावर नळीतला दाब उतरतो म्हणून शांतता होते, आणि पुन्हा चढायला काही मिनिटे लागतात म्हणून आवाज उशिरा येतो. घुंडी आत फिरवून तुम्ही ती स्प्रिंग अधिक दाबता, म्हणजे दाब चढणे चालूच राहते, फक्त त्याची सूचना मिळेनाशी होते.

याची खात्री करण्यासाठी मधल्या दाबाचा छोटा गेज मिळतो, जो बीसीडीच्या नळीच्या टोकाला लावता येतो. स्वतःचे साहित्य बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावा असे मला वाटते, कारण रेग्युलेटरची प्रकृती इतक्या स्पष्टपणे दाखवणारे एवढे साधे दुसरे साधन नाही. गेज लावून काही वेळा पर्ज दाबावा आणि काटा पाहावा. निरोगी फर्स्ट स्टेजमध्ये हवा वाहताना काटा थोडा उतरतो, बटण सोडताच झटकन मूळ जागी येतो आणि तेथे खिळल्यासारखा उभा राहतो. तो त्या जागेवरून पुढे सरकत राहिला, कितीही सावकाश का होईना, तर बैठक बदलण्याची वेळ झाली आहे. याउलट काटा स्थिर असूनही सेकंड स्टेज सिलिंडर उघडल्या क्षणापासून सतत फुसफुसत असेल, तर दोष तिच्याच बैठकीत किंवा जुळणीत आहे. तंत्रज्ञाकडे जाताना ‘गळते आहे’ एवढेच न सांगता हे निरीक्षण सांगितले, तर त्याला शोधाशोध करावी लागत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत हा रेग्युलेटर पाण्यात नेऊ नये.

प्रश्न : ‘बॅलन्स्ड’ आणि ‘अनबॅलन्स्ड’, पिस्टन आणि डायफ्राम, योक आणि डिन या जोड्यांपैकी नेमके काय निवडावे? प्रत्येक विक्रेता वेगळे सांगतो.

उत्तर : यातील पहिली जोडी श्वासाला खरोखर जाणवते. साध्या अनबॅलन्स्ड पिस्टन फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब झडपेला उघडायला मदत करतो, त्यामुळे सिलिंडर २०० वरून ५० बारवर येतो तसतसा मधला दाबही थोडा घसरतो आणि डाइव्हच्या शेवटी श्वास किंचित जड लागतो. बॅलन्स्ड रचनेत झडपेवर सिलिंडरच्या दाबाचा परिणाम होऊ दिलेला नसतो. खोली वाढली की हवेची घनताही वाढते, ३० मीटरवर ती पृष्ठभागाच्या चौपट असते, म्हणून खोल जाणाऱ्याने बॅलन्स्ड घ्यावा हे योग्यच आहे. उथळ, उबदार पाण्यात रमणाऱ्याला अनबॅलन्स्ड पिस्टन वर्षानुवर्षे साथ देतो. त्यात हलणारे भाग कमी असतात आणि बिघडायलाही फारसे काही नसते.

पिस्टन की डायफ्राम, हा प्रश्न मुख्यतः पाण्याचा आहे. पिस्टनच्या रचनेत भोवतालचे पाणी स्प्रिंगच्या कप्प्यात शिरून थेट पिस्टनला भिडते. डायफ्रामच्या रचनेत ते रबरी पडद्यापाशीच थांबते. गढूळ, वाळूमिश्रित किंवा थंड पाण्यात डायफ्राम अधिक निश्चिंत ठेवतो, त्यातही बाहेरून आणखी एक पडदा बसवून सीलबंद केलेला. थंडीचा मुद्दा किरकोळ नाही: दाब उतरताना प्रसरण पावणारी हवा गार होते, कप्प्यातले पाणी गोठू शकते आणि झडप उघडीच अडकून हवा अनावर वाहू लागते. ईएन २५० या युरोपीय मानकात १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यासाठी वेगळी चाचणी आहे, आणि तीत न बसणाऱ्या रेग्युलेटरवर ‘१० अंशांपेक्षा अधिक’ अशा अर्थाची खूण असते. खरेदीपूर्वी ती शोधावी.

योकची पकड सिलिंडरच्या झडपेवर बाहेरून चिमट्यासारखी बसते आणि ती २३२ बारपर्यंतच्या दाबासाठी असते. तिची ओ-रिंग सिलिंडरच्या झडपेत असते, म्हणून दर वेळी तीही पाहावी लागते. डिनमध्ये रेग्युलेटर झडपेच्या आत आट्यांनी बसतो, ओ-रिंग त्यात बंदिस्त राहते आणि ३०० बारपर्यंतची जोडणी मिळते. मी डिन घेऊन सोबत योकचा अ‍ॅडाप्टर बाळगण्याच्या बाजूचा आहे.

प्रश्न : पाण्यात उडी मारली की माझा ऑक्टोपस कधीकधी धो-धो हवा सोडू लागतो. तो सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. सेकंड स्टेजची झडप उघडण्यासाठी डायफ्रामच्या दोन बाजूंमध्ये २.५ ते ४ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढाच फरक पुरतो. ऑक्टोपस पाण्यात पडताना माउथपीस वर आणि पर्जची बाजू खाली झाली, तर माउथपीसपेक्षा डायफ्राम काही सेंटीमीटर खोल असतो, तेवढ्या फरकाने झडप उघडते, आणि एकदा प्रवाह सुरू झाला की तोच आतली हवा ओढून डायफ्रामला आणखी दाबून धरतो. माउथपीस खाली वळवले किंवा त्याच्या तोंडावर बोट धरले की प्रवाह थांबतो. ऑक्टोपसला व्हेंच्युरीची (प्रवाह असा आपोआप वाढण्याला आवर घालणारी) कळ असेल तर उडीपूर्वी ती बंद बाजूला ठेवावी आणि ऑक्टोपस छातीवर नीट अडकवलेला असावा. पुष्कळ ऑक्टोपस मुद्दामच मुख्य सेकंड स्टेजपेक्षा थोडे जड जुळवलेले असतात, तेही याच कारणाने. या सगळ्यानंतरही तो कोणत्याही स्थितीत वाहत असेल तर तपासून घ्यावा.

प्रश्न : डाइव्हनंतर रेग्युलेटर कसा धुवावा आणि सर्व्हिसिंग किती दिवसांनी करावे? मी वर्षातून मोजक्याच डाइव्ह करते.

उत्तर : आधी डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचे झाकण) कापडाने कोरडी पुसून घट्ट लावावी. सिलिंडरच्या हवेने ती फुंकून कोरडी करण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण त्या झोताने पाण्याचे थेंब फर्स्ट स्टेजच्या तोंडात उडू शकतात. मग रेग्युलेटर गोड्या पाण्यात थोडा वेळ भिजू द्यावा, म्हणजे सुकलेले मीठ विरघळेल. दाब नसताना पाण्यात पर्ज बटण मुळीच दाबू नये. झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जाते. सेकंड स्टेजला घुंडी असल्यास ठेवताना ती पूर्ण बाहेर फिरवून ठेवावी, म्हणजे बैठकीवर स्प्रिंगचा भार राहत नाही. वाळवणे आणि साठवणे दोन्ही सावलीतच करावे.

सर्व्हिसिंगची मुदत उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. सर्वसाधारणपणे दर वर्षी तपासणी आणि एक किंवा दोन वर्षांनी अथवा १०० डाइव्हनंतर, जे आधी येईल तेव्हा, संपूर्ण सर्व्हिसिंग असे तिचे स्वरूप असते. डाइव्ह कमी म्हणून मुदत वाढवू नये, कारण ओ-रिंगा आणि बैठका न वापरताही जुन्या होतात. सर्व्हिसिंगहून परत आलेला रेग्युलेटर त्याच दिवशी खोल पाण्यात नेऊ नये, पहिल्या उत्तरातील सर्व चाचण्या करून उथळ पाण्यात वापरून पाहावा. नुकत्याच उघडलेल्या यंत्रात जुळणीची चूक राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ४० टक्क्यांपेक्षा अधिक ऑक्सिजनचे मिश्रण वापरायचे असेल, तर ते सर्व्हिसिंगला देतानाच सांगावे. त्यासाठी ऑक्सिजनच्या दृष्टीने स्वच्छता, वेगळे ग्रीस आणि काही मॉडेलमध्ये वेगळ्या ओ-रिंगा लागतात, आणि खनिज तेलाचा अंशसुद्धा तेथे आगीचे कारण ठरतो.

मधल्या काळात घरी करण्याजोगी एक तपासणी म्हणजे डस्ट कॅप काढून फर्स्ट स्टेजच्या तोंडातील धातूची जाळी टॉर्चच्या उजेडात पाहणे. ती एकसारख्या धातूच्या रंगाची दिसायला हवी. हिरवट डाग दिसले तर समुद्राचे पाणी आत गेले आहे, लालसर भुकटी दिसली तर ती एखाद्या पोलादी सिलिंडरच्या आतला गंज आहे, आणि काळसर थर दिसला तर सिलिंडर भरणाऱ्या कंप्रेसरच्या फिल्टरची चौकशी करावी. यांपैकी काहीही दिसले, तर मुदत संपलेली नसली तरी रेग्युलेटर सर्व्हिसिंगला द्यावा आणि गंज असल्यास तो सिलिंडर आतून तपासून घ्यायला सांगावे.